प्रोजेक्टाइलचं गणित: आधी वेळ काढा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला गेलेली मुलं 'प्रोजेक्टाइल', म्हणजे फेकलेली वस्तू, म्हटलं की फॉर्म्युले पाठ करायला बसतात. रेंजचा, म्हणजे वस्तू किती लांब पडेल त्याचा, फॉर्म्युला तर सगळ्यांना तोंडपाठ, आणि घोटाळा तिथंच होतो. वस्तू जिथून फेकली त्याच पातळीवर परत पडत असेल, तरच तो चालतो.

समजा, राजहंसगडाच्या बुरुजावरून चेंडू 30 अंशांत वर फेकला, वेग सेकंदाला 20 मीटर. जमीन 15 मीटर खाली. गुरुत्वत्वरण 10 धरू. केसीईटीला (कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेला) कॅल्क्युलेटर नसतो. प्रश्नात दिलं नसेल तर 9.8 चा हट्ट नको.

आधी आकृती काढा. हातातून चेंडू सुटतो तो बिंदू शून्य, वर अधिक, खाली उणे. मग वेगाचे दोन घटक करा: आडवा 20 × कॉस 30 = 17.3 आणि उभा 20 × साइन 30 = 10. हवेचा विरोध सोडला तर आडवा घटक शेवटपर्यंत तेवढाच राहतो. गुरुत्व ओढतं ते फक्त उभ्याला, म्हणून वेळ उभ्या समीकरणातूनच काढायचा (त्यातला 5 म्हणजे गुरुत्वत्वरणाचा निम्मा):

−15 = 10 × वेळ − 5 × वेळ²

5 ने भागून मांडलं की वेळ² − 2 × वेळ − 3 = 0. उत्तरं 3 आणि −1. उणे सोडून द्या. (त्यालाही अर्थ आहे: हाच मार्ग मागं नेला, तर चेंडू एक सेकंद आधी जमिनीवर असता.) अंतर 17.3 × 3, म्हणजे सुमारे 52 मीटर. रेंजचा फॉर्म्युला इथं 34.6 देतो; तिथं चेंडू जेमतेम बुरुजाच्या पातळीवर आलेला असतो.

15 ला उणे लावायचं विसरलात, तर वर्गमुळाखाली उणे संख्या येते. येणारच! चेंडू बुरुजाच्या वर 5 मीटरच चढतो, तुम्ही त्याला 15 वर गाठायला सांगताय.

पडतानाचा वेग दोन वाटांनी पडताळा. पडताना उभा वेग 10 − 10 × 3 = −20, म्हणून घटकांवरून 17.3² + 20², म्हणजे 300 + 400; ऊर्जेवरून 20² + 2 × 10 × 15. दोन्हीकडे 700, वर्गमूळ 26.5.

आडव्या फेकीत वेगळीच चूक होते. गोकाकचा धबधबा 52 मीटर. काठावरून पाणी आडवं, सेकंदाला 3 मीटरनं सुटलं, तर हा 3 उभ्या समीकरणात घालायचा नाही. तिथं सुरुवातीचा वेग शून्य. 52 = 5 × वेळ², म्हणून वेळ 3.2 सेकंद, आणि पाणी कड्यापासून साधारण 9.7 मीटरवर पडतं.