थर्टीफर्स्टचं पेमेंट मागच्या वर्षात? डेटाबेसमधला टाइम झोन असा सांभाळा

कळंगुटच्या एका गेस्टहाऊसचं बुकिंग सॉफ्टवेअर मी बघतो. तिथे १ जानेवारीला पहाटे २ वाजता झालेलं पेमेंट रिपोर्टमध्ये ३१ डिसेंबरला दिसत होतं, म्हणजे थेट मागच्या वर्षात. कारण साधं आहे, रिपोर्ट यूटीसीची, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेची तारीख धरत होता आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे आदलीच तारीख चालू असते, आणि गोव्यात थर्टीफर्स्टचा किती धंदा तर याच वेळात होतो!

तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर वेळेच्या कॉलमचा प्रकार टाइमस्टॅम्पटीझेड घ्या. नावावरून वाटतं झोन पण सेव्ह होतो, पण तसं नाहीये, आत फक्त यूटीसीची वेळ राहते आणि दाखवताना सेशनच्या, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या, झोनमध्ये बदलून मिळते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा टाइमस्टॅम्प पण असंच करतो, फक्त त्याची मर्यादा १९ जानेवारी २०३८. त्याचाच डेटटाइम हा प्रकार मात्र दिलेली वेळ तशीच ठेवतो.

पोस्टग्रेसच्या रिपोर्टच्या क्वेरीत आधी ॲट टाइम झोन 'एशिया/कोलकाता' लावा, मग तारीख काढून ग्रुप करा. झोनचं नाव पूर्णच लिहा हां, कारण पोस्टग्रेसच्या डिफॉल्ट यादीत 'आयएसटी' म्हणजे इस्रायल! आणि तिथे '+०५:३०' असं टेक्स्ट दिलं तर चिन्ह उलटं धरलं जातं, वेळ यूटीसीच्या साडेपाच तास मागे जाते.

पोस्टग्रेसमधला जुना साधा (झोन नसलेला) टाइमस्टॅम्प कॉलम टाइमस्टॅम्पटीझेडमध्ये बदलताना मात्र अजिबात घाई नको. आत भारतीय वेळ लिहिलीय की यूटीसी ते आधी शोधा, एक टेस्ट बुकिंग करून घड्याळाशी ताडून बघा, आणि मध्येच कधी सर्व्हर बदलला असेल तर अर्धा डेटा एका झोनचा आणि अर्धा दुसऱ्याचा निघू शकतो, म्हणून जुन्या पावत्यांशी पण जुळवा. सगळी भारतीय वेळ असेल तर कॉलम बदलायच्या ऑल्टर टेबल कमांडच्या यूजिंग भागात झोन स्पष्ट लिहा, नाहीतर पोस्टग्रेस सेशनचा झोन धरतो आणि चूक गुपचूप पक्की होते. बॅकअप आधी!

पुढच्या तारखांचं थोडं वेगळं आहे. लिस्बनच्या पाहुण्याला तिथल्या सकाळी ९ ला रिमाइंडर पाठवायचं असेल तर तिथली वेळ आणि 'युरोप/लिस्बन' हे नाव, दोन्ही वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. तिकडे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, नियम उद्या बदलले तरी सकाळचे ९ हे ९च राहायला हवेत.