परमेश्वर नेमका कोणता? बायबल अभ्यासात या चुका टाळा

इंदुरात सेमिनरीत (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात) शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या टेबलावर बहुधा तीन बायबलं उघडी असतात: घरचं मराठी, वर्गात चालणारं हिंदी आणि भाष्यग्रंथांच्या जोडीला इंग्रजी. मदत तिन्हींची होते. पण अर्थविवरणाच्या, म्हणजे उताऱ्याचा अर्थ उलगडण्याच्या पेपरात गुण जातात ते बऱ्याचदा याच तिन्हींच्या सरमिसळीमुळे. शब्द ओळखीचा असतो, म्हणून चूक करणाऱ्याला ती दिसतच नाही.

सगळ्यात मोठा सापळा ‘परमेश्वर’ हाच शब्द. रूढ मराठी भाषांतरात ‘देव’ म्हणजे मूळ इब्रीतला (हिब्रूतला) एलोहीम आणि ‘परमेश्वर’ म्हणजे योद-हे-वाव-हे या चार व्यंजनांचं, करार करणाऱ्या देवाचं खास नाव. रूढ हिंदी भाषांतरात मात्र एलोहीमला ‘परमेश्वर’ आणि त्या खास नावाला ‘यहोवा’. म्हणून मराठीत ‘परमेश्वर देव’, हिंदीत ‘यहोवा परमेश्वर’. वर्गात हिंदीत टिपण घ्यायचं, घरी मराठी बायबल उघडायचं आणि दोन्हीकडचा ‘परमेश्वर’ एकच धरायचा, इथेच घोळ होतो.

उत्पत्तीचा ३ रा अध्याय घ्या. निवेदक ‘परमेश्वर देव’ म्हणतो. १ ते ५ या ओव्यांत सर्प बोलतो तेव्हा तो फक्त एलोहीम म्हणतो, आणि त्याला उत्तर देताना स्त्रीही तेवढंच म्हणते. कराराचं नाव त्या संभाषणात कुठेच नाही. ही बारीक गोष्ट मराठीत लगेच डोळ्यांत भरते, कारण सर्पाच्या तोंडी नुसता ‘देव’ आहे. हिंदीत सर्प ‘परमेश्वर’ म्हणतो. तेही बरोबरच, पण मराठी कानाने ऐकलं की निष्कर्ष नेमका उलटा निघतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. निवडलेला उतारा कागदावर तीन रकान्यांत उतरवा: मूळ शब्द, मराठी, हिंदी. सगळे शब्द नकोत. देवाची नावं, मुख्य क्रियापदं आणि दोनदा आलेला प्रत्येक शब्द एवढं पुरे. इब्री पक्कं नसेल तर स्ट्राँगच्या शब्दसूचीतला (बायबलमधल्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या सूचीतला) क्रमांक लिहा. मात्र तो क्रमांक मूळ शब्द कोणता एवढंच सांगतो. त्याखाली दिलेल्या पाच-सहा अर्थांतला मनाला भावेल तो उचलायचा परवाना तो देत नाही.

मूळ इब्रीत ओवी सापडत नाही? बहुतेक वेळा क्रमांक सरकलेला असतो. इब्री स्तोत्रसंहितेत बऱ्याच ठिकाणी शीर्षकच पहिली ओवी धरतात. स्तोत्र १४ आणि ५३ जवळजवळ सारखी आहेत, पण १४:२ मध्ये खास नाव आहे आणि ५३:२ मध्ये एलोहीम. ही ५३:२ इब्रीत ५३:३ होते. स्तोत्र ५१ दोन ओव्यांनी सरकतं. योएल २:२८ इब्रीत ३:१, मलाखी ४:१ इब्रीत ३:१९. पुस्तकांच्या नावांतही जपून: हिंदीतलं ‘व्यवस्थाविवरण’ म्हणजे आपलं ‘अनुवाद’. संदर्भात नुसतं ‘अनुवाद ६:४’ लिहिलं की हिंदी परीक्षक कुठल्या भाषांतराबद्दल लिहिलंय म्हणून गोंधळतो.

दुसरी चूक खास मराठीची. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद नाही. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य म्हणतात ‘अपोल्लुमेथा’, क्रियापद एकच. मराठीत ‘आम्ही बुडतोय’ म्हटलं तर येशू त्यातून बाहेर, ‘आपण बुडतोय’ म्हटलं तर तोही नावेतला एक. निवड भाषांतरकाराला करावीच लागते. त्या निवडीवर अख्खा संदेश उभा करू नका; पौलाच्या पत्रांत तर मुळीच नको. उलट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. लूक २२:३१-३२ मध्ये सैतानाने मागितलं ‘तुम्हांला’, म्हणजे सगळ्या शिष्यांना, आणि येशूने विनंती केली ‘तुझ्यासाठी’. इंग्रजी भाष्यावरून टिपण काढणाऱ्यांच्या हातून हे हमखास निसटतं. फक्त ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे की आदरार्थी, तेवढं ग्रीकमध्ये पाहून घ्या.

मत्तय २८:१९ मध्ये ‘एथ्ने’ या ग्रीक शब्दासाठी मराठीत ‘राष्ट्रं’, हिंदीत ‘जातियाँ’. एकाने पासपोर्टवाले देश डोळ्यांसमोर येतात, दुसऱ्याने पोटजाती. दोन्ही चित्रं आपली, मत्तयाची नव्हेत. यहुद्यांच्या तोंडी हा शब्द बहुधा इतर लोकसमूहांसाठी येई. त्याच ओवीत मुख्य आज्ञा ‘शिष्य करा’ ही आहे, आणि मराठीतलं ‘जाऊन’ हे रूप ग्रीक धातुसाधिताला छान बसतं.

शब्दाच्या व्युत्पत्तीत अर्थ शोधण्याचा मोह आवरा. ‘एक्लेसिया’ (मराठी बायबलात ‘मंडळी’) म्हणजे ‘बाहेर बोलावलेले’, हे वाक्य किती पेपरांत येतं! प्रेषितांची कृत्ये १९:३२ मध्ये हाच शब्द इफिसच्या गोंधळ घालणाऱ्या जमावासाठी आलाय. ‘मंडळी, जेवायला चला’ म्हणताना आपण तरी कुठे मंडलाकार बसलेल्यांचा विचार करतो? ‘अगापे’ (प्रेमासाठीचा ग्रीक शब्द) म्हणजे फक्त दैवी प्रेम, हेही तसंच. ग्रीक जुन्या करारात २ शमुवेल १३:१५ मध्ये अम्नोनाच्या वासनेसाठी तोच शब्द आहे.

उतारा कुठे सुरू होतो ते अध्यायाच्या आकड्यावरून ठरवू नका. अध्याय १३ व्या शतकातले आणि नव्या करारातले ओव्यांचे आकडे १५५१ मधल्या रोबेर एस्तिएनच्या छापील आवृत्तीतले. यशया ५३ चं सेवकगीत ५२:१३ पासूनच सुरू होतं. फिलिप्पै ४:१३ उचलण्याआधी ११ आणि १२ वाचा: भूक आणि तृप्ती, दोन्हींत समाधानी राहण्याबद्दल ते बोलणं आहे, परीक्षेतल्या यशाबद्दल नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: ८ ते १२ ओव्यांचा उतारा, तीन वेळा मोठ्याने वाचन, मग रकाने, मग ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’ यांच्याखाली रेघा, मग एका वाक्यात स्वतःचा निष्कर्ष. भाष्यग्रंथ त्यानंतर उघडा, आणि निदान दोन वेगवेगळ्या परंपरांतले. आधी उघडलेत तर रकान्यांत तुमचं काही उरत नाही.

एखादी ओवी तुमच्या बायबलात नसेल किंवा कंसात असेल, उदाहरणार्थ कृत्ये ८:३७ किंवा मार्क १६:९-२०, तर ‘वचन गाळलं’ असं लिहिण्याआधी तळटीप बघा. मार्कचा तो भाग सिनाईटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत नाही. पेपरात एवढं नोंदवायचं आणि पुढे जायचं.