‘डेडिकेटेड’ म्हणजे नेहमी ‘समर्पित’ नव्हे

आमच्या शिवारात शेतीपंपांसाठी वेगळी वीजवाहिनी आली, तेव्हा डीपीजवळच्या फलकावर ‘समर्पित कृषी वाहिनी’ असे लिहिलेले होते, आणि एका वयस्कर शेतकऱ्याने मला विचारले की ही लाइन कोणत्या देवाला वाहिली आहे. त्यांचा प्रश्न रास्त होता. मूळ इंग्रजी शब्द ‘डेडिकेटेड’ होता आणि इथे त्याचा अर्थ केवळ ‘स्वतंत्र, फक्त त्याच कामासाठी राखलेली’ एवढाच होता.

म्हणून हा शब्द समोर आला की आधी पाहावे, तो माणसाविषयी आहे की वस्तूविषयी. फीडर, सर्व्हर, मालगाड्यांचा लोहमार्ग अशा वस्तूंविषयी असेल, तर ‘स्वतंत्र’ किंवा ‘राखीव’ लिहावे. वस्तूला निष्ठा नसते.

माणसाविषयी असेल, तर मराठीजवळ ‘वाहणे’ हे अतिशय समर्थ क्रियापद आहे. लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ देवतेच्या नावे जाहीर करून अर्पण करणे असा होता, आणि आपणही ज्या शब्दाने महाशिवरात्रीला पिंडीवर बेल वाहतो, त्याच शब्दाने आयुष्य वाहतो. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांच्याविषयी ‘ही डेडिकेटेड हिज लाइफ टु लेप्रसी पेशंट्स’ असे वाक्य आले, तर ‘त्यांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेला स्वतःला वाहून घेतले’ असे लिहावे. ‘जीवन समर्पित केले’ हे चुकीचे नाही, पण भाषणांत वापरून वापरून ते गुळगुळीत झाले आहे. रोजच्या कामाविषयी मात्र इतका मोठा शब्द नको. पावसाळ्यात चिखल तुडवत घरोघरी जाणारी आशाताई ‘डेडिकेटेड वर्कर’ असते, म्हणजे ती मन लावून काम करते.

पुस्तकाच्या आरंभी येणाऱ्या ‘डेडिकेशन’ला ‘अर्पणपत्रिका’ हा रुळलेला शब्द आहे, तर धरण किंवा रस्ता जनतेच्या स्वाधीन करण्याला ‘लोकार्पण’ म्हणतात.

‘डिव्होटेड’ हा शब्द जवळचा असला तरी त्यात जिव्हाळा अधिक असतो, म्हणून आईविषयी तो शोभतो. ‘कमिटेड’मध्ये दिलेल्या शब्दाचे बंधन असते.

इंग्रजीत लिहिताना सर्वांत जास्त चूक ‘टु’पाशी होते. नोकरीच्या अर्जात आमची मुले ‘आय अ‍ॅम डेडिकेटेड टु सर्व्ह फार्मर्स’ असे लिहितात, कारण ‘टु’ दिसला की पुढे मूळ क्रियापद येते असे त्यांनी पाठ केलेले असते. येथे ‘टु’ शब्दयोगी आहे, मराठीतल्या ‘सेवेला’मधील ‘ला’सारखा, त्यामुळे पुढे नाम किंवा ‘इंग’ लागलेले रूप हवे. ‘डेडिकेटेड टु सर्व्हिंग फार्मर्स’ हे बरोबर. मी मुलांना आधी मराठी वाक्य लिहायला लावते, त्यातील ‘ला’खाली रेघ ओढायला सांगते आणि मगच इंग्रजी वाक्य लिहू देते.