आमच्या हॉलमधून 5.10 ला डेक्कन क्वीन सुटते

थीम पार्टी हे अलीकडचं खूळ आहे असं आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या की मी त्यांना त्यांच्याच नातवाच्या बोरन्हाणाची आठवण करून देते. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचे. ड्रेसकोड झाला, खेळ झाला, आणि रिटर्न गिफ्ट पोरं स्वतःच खिशात भरून नेतात. संक्रांत ते रथसप्तमी अशी मुदतही ठरलेली. भोंडल्याचंही तेच. पाटावर हत्ती, भोवती फेर आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखा. याहून चांगला पार्टी गेम मला अजून कुठल्या इव्हेंटवाल्याने दाखवलेला नाही.

एवढं कळत असूनही मी एकदा फसलेच. 2015 मध्ये लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला ‘जंगल थीम’चं पॅकेज घेतलं. थर्माकोलचा जिराफ दारातून आत येईना, म्हणून त्यांनी त्याची मान कापली आणि आत आणून टेपने चिकटवली. सिंहाऐवजी वाघ आला होता. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, जंगल आहे, काहीही निघू शकतं.” लेक त्या जोडलेल्या मानेला इतकी घाबरली की संध्याकाळभर आजीच्या खोलीतून बाहेर आली नाही. पैसे आगाऊ दिलेले होते.

पुढच्या वर्षी थीम घरातच सापडली. माझे सासरे, म्हणजे बाबा, 22 वर्षं डेक्कन क्वीनचे पासवाले. लेकीचा वाढदिवस 3 जूनला आणि गाडीचा 1 जूनला. गाडी 1930 ची, लेक 2010 ची, म्हणजे दोघींत बरोबर ऐंशी वर्षांचं अंतर. पुणे स्टेशनवर दर 1 जूनला गाडी सजवून केक कापतात. बाबा लेकीला घेऊन सकाळी तिथे गेले आणि परत येऊन म्हणाले, “संध्याकाळी आपणही सोडू की एक गाडी.” 2016 पासून आमच्या कोथरूडच्या टूबीएचकेतून ती सुटते आहे.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर दुकानात जाण्याआधी घरातली माणसं बघा. न थांबता तासभर कोण कशाबद्दल बोलू शकतं? माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं लक्ष्मी रोडला कापडाचं दुकान होतं. तिच्याकडे पोरांनी गादी घातली, गज घेऊन जुन्या साड्या मोजल्या आणि आजोबांशी घासाघीस केली. खर्च जवळपास शून्य. ज्या विषयातलं घरात कुणालाच काही माहीत नाही, त्या विषयाची पार्टी फोटोत बरी दिसते आणि अर्ध्या तासात संपते.

तारखेला हात लावायचा नाही

1 जून म्हणजे 1 जून. पहिल्या वर्षी बुधवार होता, दुसऱ्या वर्षी गुरुवार. नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण शाळा जूनच्या मध्याला उघडतात, मुलं मोकळीच असतात आणि नवऱ्याला एक अर्धी रजा टाकता येते. “जवळचा रविवार धरू या” म्हटलं की संपलं. माझ्या बहिणीने कोजागरी ‘सगळ्यांच्या सोयीने’ शनिवारवर ढकलली होती. गच्चीवर आम्ही आटवलेलं दूध घेऊन बसलो आणि चंद्र रात्री उशिरा, तोही कापलेला उगवला. पुढच्या वर्षी तिच्याकडे कुणीच गेलं नाही. आता कोजागरी आम्ही करतो, पौर्णिमेलाच करतो. पाच माणसांना एक लिटर दूध, जायफळ, केशर, चारोळी आणि घरातल्या मोठ्या लेकराचं आश्विनीचं औक्षण. बस. भेळ, पावभाजी काही नाही.

तिकीट, म्हणजे आमंत्रण

जुनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं आठवतात? साधारण सव्वादोन इंच लांब, सव्वा इंच रुंद. अप्पा बळवंत चौकातून 300 जीएसएमचा जाड कार्डपेपर आणा, ए-फोरच्या एका कागदातून नीट मापून तीस तिकिटं निघतात. त्यावर हाताने लिहायचं: 12123, मुंबई ते पुणे, सुटेल 17.10, पोहोचेल 20.25, आसन क्रमांक. या खऱ्या गाडीच्याच वेळा आहेत आणि त्यातली दुसरी फार कामाची. मुलांना न्यायला कधी यायचं हे पालकांना छापील कळतं, आणि साडेनऊपर्यंत सोफ्यावर रेंगाळणारे काका उरत नाहीत. दारात तिकीट पंच करायला साधा एका भोकाचा पंच पुरतो, पण ते काम घरातल्या सगळ्यात लहान मुलालाच द्या. आमचा धाकटा तीन वर्षांचा असताना त्याने एका पाहुण्याची लग्नपत्रिकाही पंच केली होती.

पाट्या बाबा लिहितात. दारावर: “दार 5.10 ला बंद होईल. बेल वाजवल्यास उघडू, पण बोलू.” संडासावर: “गाडी स्थानकात उभी असताना वापरू नये, हा नियम येथे लागू नाही.” फ्रिजवर: “ही पँट्री नव्हे.”

हॉल आमचा दहा बाय चौदा. सोफा बेडरूममध्ये जातो आणि सोसायटीच्या वीस खुर्च्या दोन-दोन करून लागतात. मधली वाट किमान दोन फूट ठेवा, नाहीतर चहाचा ट्रे कुणाच्या तरी डोक्यावर जातो (गेलेला आहे). खिडकीसाठी जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर लेकीने चित्रं काढली आहेत: दादर, कर्जत, मंकी हिल, लोणावळा. भिंतीलगत कपडे वाळत घालायची दोरी बांधायची, चित्रं चिमट्यांनी लावायची आणि दोन मुलांनी दोन टोकांनी ती सरकवायची. गाडी जाग्यावर, देखावा पळतोय. पोरं यावर जेवढी खूश होतात तेवढी प्रोजेक्टरवर झाली नव्हती. तोही प्रयोग करून झाला.

डायनिंग कार

या गाडीला टेबलखुर्च्यांची डायनिंग कार आहे आणि तिथलं कटलेट पासवाल्यांच्या तोंडी असतं. आमचं स्वयंपाकघर म्हणजे ती डायनिंग कार. आसन क्रमांक पुकारून एका वेळी सहाच जण आत. ही युक्ती कुठल्याही पार्टीला वापरा. वीस जणांना एकदम वाढायचं तर सगळं आधी तळून गार करावं लागतं. सहा-सहा बोलावले की कढईतलं थेट ताटात पडतं, बाहेरच्यांना आपला नंबर कधी येतो याची गंमत वाटते, आणि यजमानीणबाईंनाही मधे घोटभर चहा मिळतो.

पदार्थ एकच. कटलेट, बरोबर ब्रेडचा स्लाइस, सॉस आणि चहा, मुलांना सरबत. वीस माणसांना साठ कटलेटं लागतात. दोन किलो बटाटे आदल्या रात्री उकडून, सोलून फ्रिजमध्ये ठेवायचे आणि सकाळी किसायचे. कुस्करले की गाठी राहतात, गरम किसले की चिकट होतात. गाजर 300 ग्रॅम, मटार पाव किलो, फरसबी 200 ग्रॅम, वाफवून आणि चाळणीवर पूर्ण निथळून. बीट दोन मध्यम. बीट किसून मुठीत घट्ट पिळायचंच. पहिल्या वर्षी मी ते पिळलं नाही. पहिला घाणा तेलात सोडला आणि बघता बघता कटलेटं उसवली, तेल गुलाबी झालं, कढईत लाल चुरा तरंगायला लागला, आणि बाहेर सहा पोरं ‘डायनिंग कार! डायनिंग कार!’ ओरडत होती. सासूबाईंनी शांतपणे गॅस बंद केला, तीन वाट्या ब्रेडचा चुरा सारणात मळला आणि म्हणाल्या, “आता तव्यावर टाक.” वाचलो.

तेव्हापासून सारणातच पाव किलो ब्रेडचा चुरा जातो. आलं-मिरची, आमचूर, थोडा गरम मसाला घालायचा. आकार लांबट गोल, जाडी बोटभर. मैद्याच्या पातळ घोळात बुडवून वरून चुरा लावायचा आणि ट्रेमध्ये मांडून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. तळताना चार-पाचच टाका आणि खालची बाजू धरेपर्यंत झारा लावू नका.

घाट

घाट चढताना कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. हे बाबांनी सांगितल्यावर खेळ आपोआप तयार झाला. मुलांची आगगाडी, पुढे वाढदिवसवाली, आणि शेवटी दोन बाबालोक बँकर. गॅलरीतून हॉल, हॉलमधून पॅसेज, परत गॅलरी. बँकरांनी ढकलायचं, पण पाडायचं नाही. एका मेहुण्यांना हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

आणि मग बोगदा. पहिल्या वर्षी पॅसेजमध्ये चादरी टांगल्या होत्या, ते बेताचंच झालं. 2017 मध्ये संध्याकाळी वळीव आला आणि सव्वासातच्या सुमारास, मंकी हिलचं चित्र दोरीवर असतानाच, लाइट गेले. एक क्षण शांतता, आणि मग बाराच्या बारा पोरांनी एकदम ‘बोगदाऽऽ’ करून अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. पुढच्या वर्षी लाइट गेले नाहीत तर मुलं माझ्याकडेच बघायला लागली. तेव्हापासून सव्वासातला नवरा मेन स्विच बंद करतो. बरोबर दीड मिनिट. करणार असाल तर आधी गॅस बंद, कढई ओट्याच्या आत सरकवलेली, ज्येष्ठ मंडळी बसलेली आणि वाटेत खुर्ची नाही एवढं बघा. कुणाचं ऑफिसचं कॉल चालू नाही ना, हेही विचारा. आमच्याकडे 2021 मध्ये चालू होतं.

लोणावळ्याला चिक्की. नवरा टोपली घेऊन मधल्या वाटेने ‘चिक्कीऽऽ’ करत जातो, शंभर ग्रॅमचं एकेक पाकीट, तेच रिटर्न गिफ्ट. दाण्याची चालत नाही असं कुणी आहे का हे तिकीट देतानाच विचारून ठेवा. आठला केक, लहानसा. शिवाजीनगरची घोषणा झाली की चपला शोधायच्या. 8.25 ला दार उघडतं.

2020 मध्ये खरी गाडीच बंद होती. आम्ही घरातलेच सहा जण होतो, बारा कटलेटं केली. बाबा त्या दिवशी खुर्चीत बराच वेळ तिकीट हातात धरून बसले होते.

लेक तेरा वर्षांची झाली तेव्हा म्हणाली, “आई, प्लीज, टीसीची टोपी नको.” मी आग्रह धरला नाही. मुलं मोठी झाली की पार्टी बंद करण्यापेक्षा त्यांची नोकरी बदला. पासवाले गाडीत मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते खेळायचे. बाबांची ती ब्रीफकेस माळ्यावर होतीच. आता लेक आणि तिच्या मैत्रिणी मागच्या चार खुर्च्या अडवतात, ब्रीफकेस मधे घेतात आणि बाबांशी मेंढीकोट खेळतात. घोषणाही तीच करते, स्टेशनवरच्या बाईंच्या आवाजात. टोपी धाकट्याकडे गेली.

सामानाला एक पत्र्याची ट्रंक करा आणि तिच्यात दुसरं काही ठेवू नका. आमच्या ट्रंकेत चित्रं, चिमटे, दोरी, पंच, पाट्या, टोपी आणि दर वर्षीची अर्धी तिकिटं आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने हिशेब लिहिलेला आहे, कारण पुढच्या मेपर्यंत कुणालाच काही आठवत नाही. ‘2016: 40, कमी पडली.’ ‘2018: 75, तीन दिवस खाल्ली.’ ‘2022: खुर्च्या सोसायटीला आठवडाआधी सांगणे.’ शेवटची ओळ सासूबाईंच्या अक्षरात आहे: ‘2025: 60, चार उरली. बीट अजून नीट पिळणे.’