कोल्हापुरात इंजिनिअरिंग कन्सल्टन्सी: नाव निघाल्यापासून बिल वसूल होईपर्यंत

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखानदाराला सल्लागार हवा असला, तर तो सहसा आधी गुगल उघडत नाही. दुसऱ्या कारखानदाराला, सँड-रेझिन (साच्याची वाळू आणि ती घट्ट करणारं रसायन) पुरवणाऱ्याला नाहीतर आपल्या सीएला फोन लावतो, "कोण चांगला माणूस आहे का बघा की." नाव मिळालं की ते मोबाइलवर टाकून बघतो आणि दोन मिनिटांत ठरवतो, बोलवायचं की नाही. ऑनलाइन साधनं लागतात ती मुख्यतः या दोन मिनिटांसाठी. नुसत्या लिंक्डइनच्या भरवशावर नोकरी सोडली तर पहिलं वर्ष कोरडं जायची तयारी ठेवावी.

इथं उदाहरण फौंड्रीच्या (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या) कन्सल्टंटचं घेतलं आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना किंवा साखर कारखान्यांना सल्ला देणार असाल तरी पायऱ्या याच.

आधी विषय आवळा

कार्डावर "प्रोसेस इम्प्रूव्हमेंट, कॉस्ट रिडक्शन, क्वालिटी, ट्रेनिंग" असं सगळं लिहिलं की समोरच्याला नेमकं काहीच कळत नाही. एक प्रक्रिया, एक अडचण आणि एका प्रकारचा कारखाना धरा. "ग्रीन सँड फौंड्रीतलं ब्लोहोल आणि सँड इन्क्लुजनचं रिजेक्शन कमी करणं" हे वाक्य फोनवरून दुसऱ्याला जसंच्या तसं सांगता येतं. (ग्रीन सँड म्हणजे ओलसर वाळूचा साचा, ब्लोहोल म्हणजे वायू अडकून पडलेली पोकळी, सँड इन्क्लुजन म्हणजे धातूत अडकलेली वाळू, रिजेक्शन म्हणजे नापास माल.) खात्री करायची तर ओळखीच्या पॅटर्नवाल्याला (साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) ते एकदा ऐकवा आणि चार दिवसांनी विचारा, "मी काय काम करतो सांगा बघू." तो "क्वालिटीचं काहीतरी" म्हणाला तर वाक्य बदला. बाकीची कामं येतील तेव्हा घ्या, पण पाटीवर एकच ठेवा.

ऑनलाइन काय काय लागतं

स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि त्यावर ईमेल चालू करा. वेबसाइट एका पानाची पुरते: काय करता, कुठल्या कारखान्यांसाठी, पहिल्या भेटीत काय होतं, फोन नंबर. ईमेलच्या बाबतीत एक गोष्ट हमखास राहते. डोमेनच्या सेटिंगमध्ये (डीएनएस) एसपीएफ आणि डीकेआयएम या, मेल खरंच तुमचा असल्याचं पटवणाऱ्या, नोंदी केल्या नाहीत, तर मोठ्या कंपनीच्या परचेस खात्याला पाठवलेलं कोटेशन स्पॅममध्ये जाऊन पडू शकतं आणि तुम्ही उत्तराची वाट बघत बसता. तपासणं सोपं आहे: स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, संगणकावर तो उघडून "शो ओरिजिनल" दाबा, दोन्हींपुढे "पास" दिसलं पाहिजे.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरातून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा भाग दाखवता येतो. पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. त्यात परिसर, कामाची उपकरणं आणि व्यवसाय तुम्हीच चालवता याचा पुरावा एकाच सलग चित्रणात आला पाहिजे. पावण्यारावळ्यांकडून रिव्ह्यू लिहून घेऊ नका. आणि आपल्याकडं रिजेक्शन किती होतं हे कुठलाही मालक चारचौघांत लिहिणार नाही, त्यामुळं रिव्ह्यू मागायचाच तर सुपरवायझरांच्या प्रशिक्षणाबद्दल मागा.

व्हॉट्सअॅप बिझनेसची ब्रॉडकास्ट यादी सगळे करतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. म्हणून पहिल्या भेटीतच त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर कामासकट सेव्ह करून घ्या, "अमुक सँड रिजेक्शन" असा. सकाळच्या शुभेच्छा त्या यादीवर कधीही टाकू नका.

लिंक्डइन, जरा सविस्तर

नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचा तुकडाच दिसतो. तिथं "फाउंडर अँड सीईओ" लिहून जागा वाया घालवू नका, एकट्याच्या कन्सल्टन्सीला ते शोभतही नाही. "ग्रीन सँड फौंड्री रिजेक्शन | कोल्हापूर, सांगली, बेळगाव" एवढं पुरे. मालक लोक मराठीतून बोलतात, पण पुण्याच्या किंवा बाहेरच्या ओईएमचे (सुटे भाग विकत घेऊन गाड्या-यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचे) क्वालिटीवाले इंग्रजीतून शोधतात. म्हणून प्रोफाइल इंग्रजीत आणि पोस्ट मराठीत, ही वाटणी सोयीची पडते.

ओळखीची विनंती पाठवताना चिठ्ठी जोडा. फुकटच्या खात्यावर २०० अक्षरांची मर्यादा आहे आणि अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून त्या ज्यांच्याकडून काम येऊ शकतं त्यांच्यासाठी राखून ठेवा. "साहेब, फौंड्रीमन संस्थेच्या कोल्हापूर चॅप्टरच्या कार्यक्रमात भेट झाली होती. कोअरच्या गॅसबद्दल आपण विचारलं होतं. संपर्कात राहू." इतकंच. (कोअर म्हणजे ओतीव भागातली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा.) पहिल्याच चिठ्ठीत कंपनीची जाहिरात केली की माणूस गेला.

पोस्ट आठवड्याला एक झाली तरी चालेल, पण वाचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शॉपवर (कारखान्यात) करून बघता येईल अशी हवी. नमुना बघा:

"पावसाळ्यात ब्लोहोल वाढले की आपण आधी मोल्डिंग सँडचं मॉइश्चर बघतो. कोअरकडंही बघा. कोअर कधी केला, किती तास उघड्यावर पडला? हवेतला ओलावा धरलेल्या कोअरमधून ओतताना जास्त वायू सुटतो आणि कोअरलगत अडकतो. आठवडाभर प्रत्येक कोअर ट्रेवर तारीख आणि वेळ खडूनं लिहा. ब्लोहोलचे पीस त्या वेळेशी जुळवा."

यात स्वतःची जाहिरात कुठंच नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या माणसानं शॉप फ्लोअर बघितलेला आहे. "सगळं ज्ञान फुकट दिलं तर बोलावणार कोण?" ही भीती नेहमीची. खडूनं तारीख लिहायला सांगणं सोपं, ती तीनही शिफ्टना लिहायला लावणं अवघड, आणि पैसे त्या अवघड भागाचे मिळतात.

ग्राहकाच्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) फोटो मात्र टाकू नका. ड्रॉइंग ओईएमच्या मालकीचं असतं, गोपनीयतेचा करार असतो, आणि कोल्हापुरात फोटोतला पार्ट बघून तो कुणाच्या फौंड्रीतला हे सांगणारी माणसं चहाच्या टपरीवर सापडतात. दोष दाखवायचाच तर हातानं काढलेली आकृती द्या.

ओळखी कुठं वाढवायच्या

मालकांच्या मागं लागण्याआधी रोज पाच-सहा कारखाने फिरणाऱ्यांना गाठा: बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) आणि रेझिनचे विक्री प्रतिनिधी, पॅटर्नवाले, फर्नेसचे सर्व्हिस इंजिनिअर, सीए, बँकेचे कर्ज अधिकारी. कुणाचं रिजेक्शन वाढलंय हे यातल्या पहिल्या दोघांना बाकीच्या गावाआधी कळतं. एका गुगल शीटमध्ये चाळीस नावं लिहा. रकाने पाच: नाव, कंपनी, कुणी ओळख करून दिली, शेवटचं बोलणं, पुढची तारीख. पुढच्या तारखेचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, एवढा एकच नियम पाळा. नवं काम मिळालं की ज्याच्यामुळं मिळालं त्याला त्याच दिवशी फोन करून सांगा, आठवड्यानं नको.

पुरवठादाराकडून कमिशन घेऊ नका. आज तुम्ही अमुक रेझिन सुचवलं आणि उद्या त्यातलं कमिशन बाहेर आलं, तर तुमचा सगळाच सल्ला संशयात जातो. शिरोलीतली गोष्ट गोकुळ शिरगावला पोचायला दुपारसुद्धा लागत नाही.

शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या संघटनांच्या कार्यक्रमांना नुसतं हजर राहून उपयोग थोडा. तासाभराचं व्याख्यान द्यायची तयारी दाखवा. विषय एका दोषापुरता, स्लाइड बारा, आणि शेवटची वीस मिनिटं प्रश्नांना. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर त्याच्याच प्रश्नाचं उत्तर पाठवा. कामाची बोलणी तिथून सुरू होतात.

फी आणि कागद

वर्षाला घरखर्च, गाडी, उपकरणं, विमा आणि कर धरून १२ लाख हवेत असं समजा. महिन्यातले २२ दिवस बिलाचे धरू नका. भेटीगाठी, रिपोर्ट आणि वसुली यांत निम्मे जातात. वर्षाला १२० दिवस बिलाचे धरले तर दिवसाला १०,००० रुपये पडतात. याच्या खाली गेलात तर घट कुठून भरणार ते आधी ठरवा.

"जरा येऊन बघून जावा की" या निमंत्रणाला हद्द घाला. पहिली भेट तासाभराची आणि फुकट, त्यात फक्त ऐकायचं आणि तीन महिन्यांचं दोषवार रिजेक्शन रजिस्टर बघायचं. उपाय सांगायचा नाही. नंतर दोन-तीन दिवसांचं निदान ठरावीक फीवर, आणि ते पटलं तर सहा महिन्यांचा करार. करारात महिन्याला किती फेऱ्या, डेटा रोज कोण देणार, त्यांच्याकडचा जबाबदार माणूस कोण, आणि काय करणार नाही हे लिहा. "रिजेक्शन कमी झालं की टक्केवारीत देतो" ही बोली मोहात पाडते. पण मूळ आकडा कुठल्या महिन्याचा आणि मोजणी वजनावर की नगावर यावर पुढं भांडण ठरलेलं. घ्यायचीच तर निम्मी फी ठरावीक ठेवा आणि मूळ आकड्यावर दोघांच्या सह्या घ्या.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. तिच्या आत असाल तर बेळगावचं, म्हणजे परराज्यातलं काम घेतलं म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. नोंदणी असेल तर दर १८ टक्के. बिलावर टीडीएस कापला जातो, तांत्रिक सेवेवर २ आणि व्यावसायिक सेवेवर १० टक्के. ग्राहक कुठल्या सदरात धरतो हे करारावेळीच विचारा आणि कापलेला कर तुमच्या नावावर जमा दिसतो का हे दर तिमाहीला आयकर पोर्टलवर तपासा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) पहिलं बिल काढण्याआधीच करा. ऑनलाइन होते, आधारवर होते, एक रुपया लागत नाही. पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या आहेत. नोंदणी असली की सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच मिळते. त्यामुळं मार्च जवळ आला की त्याचा सीएच तुमच्या बाजूनं बोलायला लागतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. तिसाव्या दिवशी अकाउंटंटला फोन, चाळिसाव्याला मालकाला मेसेज, ४५ उलटले की लेखी पत्र, आणि तरीही हललं नाही तर लहान उद्योगांच्या थकबाकीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर तक्रार. तक्रार केली की ते गिऱ्हाईक बहुतेक तुटतं, म्हणून सहा महिन्यांची फी आगाऊ, मध्ये आणि शेवटी अशी ४०-४०-२० टक्क्यांत वाटून घ्या.