शाफ्ट तुटला? तुटलेल्या तोंडाला हात लावण्याआधी या चुका टाळा

शाफ्ट तुटला की कारखान्यात पहिला प्रश्न असतो "मशिन कधी सुरू होणार?" आणि तो रास्तच आहे. दुसरा प्रश्न असतो "चूक कुणाची?" शाफ्ट का तुटला हे कुणी विचारेपर्यंत तुकडे भंगारात गेलेले असतात, नाहीतर वेल्डरने ते रातोरात जोडून टाकलेले असतात. मग काही महिन्यांनी नवा शाफ्ट त्याच जागी तुटतो आणि मटेरियल खराब होतं यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मटेरियल खराब असू शकतं. पण ते शेवटी म्हणायचं. पोलादाचा भाग तुटतो तेव्हा तडा कुठे सुरू झाला, कुठल्या दिशेने गेला, सावकाश सरकला की एका झटक्यात, हे सगळं तुटलेल्या तोंडावर उमटलेलं असतं. ते पाहायला दर वेळी प्रयोगशाळा लागत नाही. एक टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि थोडा धीर एवढ्यावर बरंच काही कळतं. टॉर्च समोरून न धरता बाजूने, अगदी आडवा धरायचा, म्हणजे उंचसखलपणा सावलीत उठून दिसतो. अडचण एवढीच की ते तोंड पाहण्याआधी आपणच बिघडवतो.

तुकडे जुळवून बघणे

हा मोह जवळजवळ सगळ्यांना होतो. दोन तुकडे उचलायचे आणि "बघू कसे बसतात" म्हणून एकमेकांवर टेकवायचे. पोलादावरच्या ज्या बारीक खुणांवरून निदान करायचं, त्या या एका घासण्यात चेपतात. नंतर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिथे फक्त सपाट, चमकदार डाग दिसतात. जुळवून बघायचंच असेल तर तोंडांमध्ये अंतर ठेवून, शेजारी शेजारी ठेवून बघा.

तोंडावर बोट फिरवणंही टाळा. घामातल्या मिठाने काही तासांत गंज धरतो, आणि कोकणपट्टीतल्या पावसाळी हवेत तर उघडं ठेवलेलं ताजं तोंड सकाळपर्यंत तांबूस झालेलं असतं. वायर ब्रश, एमरी पेपर, ॲसिड यांना तर जवळही येऊ देऊ नका. तुकडा कापून वेगळा करायचा असेल तर गॅस कटिंगची ज्योत तुटलेल्या तोंडापासून बरीच लांब हवी. उष्णतेने आतली रचना बदलली की मूळ हीट ट्रीटमेंट (पोलाद तापवून-थंड करून त्याला हवा तो कडकपणा देणं) कशी होती हे कुणालाच सांगता येत नाही. आधी फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. मग तुकडा कोरडा करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. आणि दोन्ही तुकडे ठेवा. "एकच पुरे, दोन्हीकडे सारखंच असणार" हे खरं नाही. बऱ्याचदा एक तोंड मशिन थांबेपर्यंत घासून गेलेलं असतं आणि हवी ती खूण दुसऱ्यावरच उरलेली असते.

"आधी स्वच्छ करा, मग बघू"

तोंडावरचा मळ, गंज, तेल, रंग हा पुरावा असतो, हे गळी उतरवणं सगळ्यात अवघड जातं. तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळपट-तांबूस आणि उरलेला ताजा, राखाडी असेल, तर काळपट भाग जुना आहे. तडा तिथे आधीपासून होता, त्यात हवा-पाणी-तेल शिरत होतं, आणि राखाडी भाग शेवटच्या क्षणी तुटला. रॉकेलच्या चिंधीने हे सगळं एका दमात पुसलं जातं.

याचं ठळक उदाहरण उत्तर समुद्रातलं आहे. २७ मार्च १९८० रोजी नॉर्वेच्या हद्दीत, एकोफिस्क तेलक्षेत्रात, अलेक्झांडर एल. किलँड हे तरंगतं वसतिस्थान उलटलं. त्यावरच्या २१२ माणसांपैकी १२३ दगावली. तपासात तडा एका आडव्या नळकांड्यावर सापडला. समुद्रातला आवाज टिपणाऱ्या उपकरणासाठी तिथे एक छोटा आधार वेल्ड केला होता. त्या क्षुल्लक वेल्डच्या तुटलेल्या पृष्ठभागावर रंगाचे अंश होते. रंग तड्याच्या आत जायचा तर रंगकाम होण्याआधी तडा असलाच पाहिजे. म्हणजे वसतिस्थान समुद्रात जाण्याआधी, बांधणीच्या वेळीच, वेल्ड फाटलेला होता. कुणी त्या तुकड्याची "आधी साफसफाई" केली असती तर हा धागा हाती लागला नसता.

तडा कुठून निघाला हे न शोधता कारण सांगणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबू.

वारंवार उलटसुलट भार पडून तुटणं म्हणजे फटीग. फिरणारे शाफ्ट, स्प्रिंगा, बोल्ट यांच्या तुटण्यात हेच कारण पुन्हा पुन्हा निघतं. अशा तोंडाचे साधारण दोन भाग दिसतात. एक गुळगुळीत, जिथे तडा हळूहळू सरकला. दुसरा खडबडीत, जिथे उरलेलं पोलाद भार न पेलून एकदम तुटलं. गुळगुळीत भागावर कमानीसारख्या रेषा दिसतात, त्यांना बीच मार्क्स म्हणतात. मशिन थांबलं, सुरू झालं, भार कमीजास्त झाला की एकेक रेष उमटते. साखर कारखान्यासारख्या ठिकाणी, जिथे यंत्रं हंगामात अहोरात्र चालतात आणि पावसाळ्यात ओलसर हवेत उभी राहतात, तिथे या रेषा बऱ्याचदा गंजाने आणखी गडद झालेल्या असतात. सगळ्या कमानींचा रोख एका बिंदूकडे असतो, आणि तोच तड्याचा उगम.

इथे दोन गैरसमज सांभाळा. एक, बीच मार्क मोजून "इतके फेरे झाले" असं सांगता येत नाही. प्रत्येक भार-फेऱ्यागणिक उमटणाऱ्या रेषा त्याहून फार बारीक असतात आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. दोन, बीच मार्क दिसले नाहीत म्हणून फटीग नव्हतंच असंही नाही. एकाच वेगाने, एकाच भाराने अखंड चाललेल्या मशिनच्या शाफ्टवर ते उमटतच नाहीत.

उगम सापडला की तिथे काय आहे ते भिंगाने बघा. की-वेचा (चावी बसवायच्या खाचेचा) काटकोनी कोपरा? व्यास बदलतो त्या पायरीच्या कोपऱ्याला गोलाईच दिलेली नाही? टूलचा खोल ओरखडा? नंबर पंच मारलेला? वेल्डिंग करताना रॉड चुकून टेकल्याचा ठिपका? हबच्या किंवा बेअरिंगच्या कडेला तांबूस-तपकिरी भुकटी दिसली, तर घट्ट बसवलेला जोड आत बारीक हलत होता आणि त्या घासण्यातून तडा निघाला असण्याची शक्यता मोठी. झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न केला असेल, तर वेल्डच्या कडेला आधी बघा. आपल्याकडे ही दुरुस्ती सर्रास होते. प्री-हीट न करता (आधी शाफ्ट न तापवता), ओलसर रॉड वापरून केलेली अशी दुरुस्ती म्हणजे पुढच्या तुटीची आगाऊ नोंदणी असते.

शाफ्टच्या घेरावर एकाच ठिकाणाहून तडा निघाला की अनेक ठिकाणांहून, हेही महत्त्वाचं. घेरावर छोट्या छोट्या उभ्या पायऱ्या दिसत असतील तर तडे अनेक जागी सुरू होऊन एकमेकांना मिळालेत. त्याचा अर्थ तिथला ताण फार जास्त होता, बहुधा तीक्ष्ण कोपऱ्यामुळे. खडबडीत भागाचा आकारही बोलका असतो. तो अगदी लहान असेल तर भार कमीच होता. एवढासा भाग उरेपर्यंत पोलादाने तग धरला, मग ते "खराब" कसं? खडबडीत भाग मोठा असेल तर भार जास्त होता किंवा पोलाद ठिसूळ होतं.

पिळामुळे तुटलेल्या शाफ्टचं गणित वेगळं असतं. खडू पिळून मोडून बघा, तो पंचेचाळीस अंशांत, मळसूत्रासारखा तुटतो. ठिसूळ पोलाद असंच तुटतं, आणि पिळाच्या फटीगमध्ये तडाही अनेकदा याच कोनात जातो. उलट मऊ, लवचीक शाफ्ट एकाच दिशेच्या जादा पिळाने तुटला तर आडवा, सपाट तुटतो आणि तोंडावर भोवऱ्यासारख्या खुणा राहतात. गिअरबॉक्स जॅम होऊन तुटलेला शाफ्ट आणि रोज थोडाथोडा तुटत गेलेला शाफ्ट यांची गल्लत इथेच टळते.

जाड पत्रा किंवा प्लेट एकदम ठिसूळ तुटली असेल तर तोंडावर बाणाच्या टोकासारख्या रेषा मिळतात. टोकं ज्या दिशेला, उगम त्या दिशेला. आणि बरेच भाग एकत्र तुटले असतील तर आधी कोणता तुटला हे ठरवा. एक तडा दुसऱ्याला जाऊन भिडून थांबला असेल, तर भिडणारा नंतरचा. फटीगच्या खुणा ज्या भागावर, तो बहुधा पहिला, कारण बाकीचे एका झटक्यात गेलेले असतात.

"दाणेदार दिसतंय, म्हणजे लोखंड फुटकं"

"चालून चालून शाफ्टचे क्रिस्टल झाले" हे वाक्य अजून ऐकू येतं. ही समजूत फार जुनी आहे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून रेल्वेचा भीषण अपघात झाला. त्या काळी अनेक इंजिनिअर असंच मानत की हादऱ्यांनी तंतुमय लोखंड दाणेदार होतं. पण पोलाद पहिल्या दिवसापासून स्फटिकांचंच बनलेलं असतं. चकाकणारे दाणे एवढंच सांगतात की तो भाग ताणला न जाता झटक्यात, ठिसूळपणे तुटला. चांगलं पोलादही कडक थंडीत, खोल खाचेजवळ किंवा अचानक धक्क्याने तसं तुटू शकतं. तेव्हा सप्लायरवर खापर फोडण्याआधी हार्डनेस (कडकपणा) तपासा, रासायनिक विश्लेषण करून घ्या आणि मुख्य म्हणजे त्या चकाकत्या भागाच्या आधी गुळगुळीत भाग होता का ते बघा.

बोल्ट तुटला, तर आणखी मजबूत बोल्ट

८.८ चा बोल्ट (हे आकडे म्हणजे बोल्टच्या ताकदीची ग्रेड) तुटला की १०.९ लावायचा, तो तुटला की १२.९. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बोल्ट फटीगने तुटतो तेव्हा तो बहुतेक वेळा नटाच्या पहिल्या पकडलेल्या आट्याशी किंवा डोक्याखाली तुटतो, आणि मूळ कारण बोल्ट पुरेसा घट्ट नसणं हे असतं. ढिल्या बोल्टवर प्रत्येक हेलकाव्याचा भार येतो, नीट ताणून बसवलेल्यावर त्याचा थोडाच हिस्सा येतो. म्हणजे हवा टॉर्क रेंच, आणि आपण बदलतो ग्रेड.

वर त्यातून नवं दुखणं येतं. १२.९ च्या बोल्टची हार्डनेस ३९ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) पुढे असते, आणि एवढ्या कडक पोलादाला हायड्रोजनचं वावडं. झिंक प्लेटिंगच्या आधीचं ॲसिड आणि प्लेटिंगची टाकी, दोन्हींतून हायड्रोजन पोलादात शिरतो. बोल्ट व्यवस्थित आवळला जातो, टॉर्कही बरोबर येतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी, मशिन बंद असतानाही, डोकं उडून पडतं. असं तोंड भिंगाखाली कणीदार दिसतं आणि ताणल्याची खूण जवळजवळ नसते. तडा कणांमधून न जाता त्यांच्या सीमांवरून गेलेला असतो. उपाय प्लेटिंगवाल्याकडे आहे. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून १९० ते २२० अंशांवर काही तास बेक करणं. ऑर्डरवर हे लिहिलं नसेल तर कुणी ते आपणहून करत नाही.

मोठ्या प्रकल्पांतही हे घडतं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलँड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागात मार्च २०१३ मध्ये जाड, गॅल्व्हनाइझ केलेल्या (जस्ताचा थर दिलेल्या) उच्च ताकदीच्या ९६ रॉड्सना ताण दिला गेला. पंधरवड्यात त्यांतले ३२ तुटले. रॉड्स काही वर्षं आपल्या भोकांत बसून होते आणि तिथे पाणी साचलेलं होतं. तपासात कारण हायड्रोजनच निघालं.

हीट ट्रीटमेंटवाल्याला सरसकट दोषी ठरवणे

पाणी किंवा तेल देताना (क्वेंचिंगमध्ये) पडलेला तडा आणि फोर्जिंगमध्ये (पोलाद तापवून ठोकून घडवताना) आधीच दडलेली घडी, दोन्ही बाहेरून सारखे दिसतात. बिल मात्र वेगवेगळ्या माणसाचं असतं. तडा उघडून बघा. क्वेंचिंगमध्ये पडलेल्या तड्यात पुढच्या टेम्परिंगचा (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवण्याचा) रंग चढलेला असतो, तापमान कमी असेल तर पिवळसर किंवा निळसर, जास्त असेल तर काळपट थर. टेम्परिंगनंतर पडलेला तडा आतून ताजा, राखाडी असतो. मग एक छोटा काप घेऊन पॉलिश-एच (घासून चकचकीत करून ॲसिडने हलकं खोदणं) करून मायक्रोस्कोपखाली धरायचा. तड्याच्या दोन्ही कडांवर कार्बन गेलेला पांढुरका थर दिसला, तर पोलाद भट्टीत लाल होण्याआधीच तडा उघडा होता, म्हणजे दोष बार किंवा फोर्जिंगचा. थर नसेल तर क्वेंचिंगकडे वळा. ग्राइंडिंगने पडलेले तडे याहून वेगळे. ते उथळ असतात, चाकाच्या दिशेला आडवे किंवा जाळीसारखे पसरलेले, आणि आसपास जळाल्याचा डाग असू शकतो.

प्रयोगशाळेला फक्त "कारण सांगा" म्हणणे

तुकडा पाठवताना त्याबरोबर चिठ्ठी नसेल तर रिपोर्टमध्ये रसायन आणि हार्डनेसचे आकडे येतील, आणि दोन्ही "स्पेसिफिकेशननुसार" असतील. चिठ्ठीत हे लिहा: ड्रॉइंग आणि ग्रेड, हीट ट्रीटमेंट कुणी आणि कशी केली, प्लेटिंग झालं का, मशिन कुठल्या बाजूला फिरतं, भार कुठून येतो, आधी कधी तुटलं होतं का आणि नेमकं कुठे. सगळ्यात उपयोगी ओळ म्हणजे तुटण्याच्या आधीच्या काही महिन्यांत काय बदललं: बेल्ट जास्त ताणला, बेअरिंग बदललं, अलाइनमेंट हललं, मोटर मोठी बसवली, दुसऱ्या व्हेंडरकडून टर्न करून घेतलं. ही ओळ ऑपरेटरला विचारून लिहा, कारण यातलं बरंचसं लॉगबुकात नसतं. आणि उगमाची जागा मार्करने गोल करू नका, मार्करची शाईही पृष्ठभागावर बसते. फोटोची प्रिंट काढून तिच्यावर खूण करून पाठवा.