चालता चालता प्रार्थना: नागपुरात रोजची पस्तीस मिनिटं

पहाटेची प्रार्थना आणि पहाटेचं चालणं, दोन्ही एकाच ठिकाणी सुटतात: अंथरुणात. म्हणून दोन्हींसाठी वेगळा वेळ शोधत बसण्यापेक्षा एकच वेळ ठरवलेला बरा. दोन्ही एकत्र जमतात याचं कारणही साधं आहे. प्रार्थना श्वासावर म्हटली जाते आणि चालण्याचा वेगही श्वासावरूनच कळतो, म्हणजे एकीने दुसरीचं माप काढता येतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करायला सांगते. सोमवार ते शनिवार रोज २५ मिनिटं भरभर चाललं की १५० होतात आणि रविवार मोकळा राहतो. सहा दिवस काम, सातव्या दिवशी विश्रांती हा हिशेब आपल्या ख्रिस्ती घरांत नवा नाही. त्या २५ मिनिटांच्या आधी ५ आणि नंतर ५ मिनिटं सावकाश चालायचं, एकूण ३५. दहा हजार पावलांच्या आकड्याचं दडपण घेऊ नका. तो १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना पुढे आला, डॉक्टरांच्या तपासणीतून नाही.

ज्यांना अजिबात सवय नाही त्यांनी पहिल्या आठवड्यात भरभर फक्त ५ मिनिटं चालावं, मागेपुढे सावकाश ५-५ धरून एकूण १५. दर आठवड्याला मधली ५ मिनिटं वाढवली की पाचव्या आठवड्यात २५ होतात. नव्या उत्साहात पहिल्याच दिवशी तासभर चालणारे चौथ्या दिवशी नडगी धरून बसतात. दम लवकर तयार होतो. स्नायू, सांधे आणि टाचा मागून येतात. हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर सुरुवातीआधी डॉक्टरांना विचारा.

वेग कसा ओळखायचा

भरभर म्हणजे मिनिटाला साधारण १०० पावलं. घड्याळाकडे बघून उजवा पाय अर्ध्या मिनिटात किती वेळा टेकतो ते मोजा. २५ आले की वेग बरोबर. पण रोज मोजायची गरज नाही. डॉक्टर एक सोपी खूण सांगतात: बोलता यावं, पण गाता येऊ नये. यासाठी आपल्याकडे तयार माप आहे. प्रभूची प्रार्थना (‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’) हळू आवाजात म्हणा. एकेक ओळ नीट होते आणि ओळ संपली की श्वास घ्यावासा वाटतो, तर वेग योग्य आहे. ओळीच्या मध्येच धाप लागून शब्द तुटत असेल तर कमी करा. आणि गीताची दोन कडवी आरामात सुरात गाता आली, तर तुम्ही व्यायाम करत नाही आहात, फेरफटका मारताय.

वेग वाढवायला बहुतेक लोक लांब टांगा टाकतात. तिथेच नडगीचं दुखणं सुरू होतं, कारण टाच शरीराच्या फार पुढे आपटते. टांग लहान ठेवा, पावलं भराभर टाका, कोपर वाकवून हात हलवा. नजर दहा-पंधरा पावलं पुढे. चालताना डोळे मिटायचे नाहीत आणि हातही जोडायचे नाहीत. हात जोडले की खांदे आवळतात, तोल जातो आणि वेगही मरतो.

पहिली पाच मिनिटं: स्तोत्र

सावकाश चालताना एक स्तोत्र म्हणावं, तेही पाठ असलेलं. मोबाइलवर वाचत चाललात तर फरशीची कड दिसणार नाही. बायबलमधली स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं. यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची म्हणून ती ओळखली जातात. चालताना म्हणायला यांच्याइतकी सोयीची दुसरी नाहीत, बहुतेक सगळी आखूड आहेत. १३१, १३३ आणि १३४ तर प्रत्येकी तीन वचनांची. १२१ आठ वचनांचं आहे. ते आधी पाठ करा: रोज एक वचन, दीड आठवड्यात होतं.

याच १२१ व्या स्तोत्रात दिवसा सूर्याची बाधा होणार नाही असं वचन आहे. नागपूरच्या मे महिन्यात ते ढाल म्हणून वापरणारे भेटतात. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडावा: मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणणारा सैतानही स्तोत्रच सांगत होता, आणि प्रभूने त्याला देवाची परीक्षा पाहू नको असं उत्तर दिलं.

मधली पंचवीस मिनिटं: मध्यस्थी

मध्यस्थी म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना. इथे लांबलचक वाक्यं जमत नाहीत, श्वास पुरत नाही. म्हणून नावं घ्यावीत. आदल्या रात्री कागदाच्या चिठ्ठीवर पाच नावं लिहून खिशात टाका. सोमवारी घरचे, मंगळवारी आजारी असलेले, बुधवारी शेजारी आणि कामावरचे, अशी वाटणी केली की तीच तीच नावं रोज येत नाहीत. प्रत्येक नावाला एक टप्पा द्या: एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत किंवा बागेची एक फेरी. नाव, त्याची एक गरज, मग काही पावलं नुसतं चालणं, पुन्हा नाव. मन भरकटलं तर पुढच्या विजेच्या खांबापासून परत सुरू करा. मन भरकटणारच, त्यासाठी थांबून स्वतःवर चिडायचं कारण नाही.

कॅथलिक घरांत जपमाळ म्हणत चालायची सवय असते. पाच दशकांना (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांना) साधारण १५ ते २० मिनिटं लागतात, म्हणजे या भागात ती बरोबर बसते. अडचण एवढीच की माळ हातात धरली की तो हात हलायचा थांबतो आणि खांदा आखडतो. बोटात घालायची दहा मण्यांची अंगठी मिळते, ती घ्या. नाहीतर दहा बोटं आहेतच.

दोघं मिळून चालत असाल तर गप्पा प्रार्थनेला गिळतात. सुनेची तब्येत, प्लॉटचा भाव आणि मेट्रोचं तिकीट यातच फेरी संपते. पहिली दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही असं आधीच ठरवा. किंवा स्तोत्र १३६ घ्या. त्याला २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट एकच: ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ एकाने वचन म्हणायचं, दुसऱ्याने हा शेवट. एकाला श्वास घ्यायला सवड मिळते, म्हणून भरभर चालतानाही धाप लागत नाही.

शेवटची पाच मिनिटं: उपकारस्तुती

वेग उतरवा. आता आभार मानायचे, पण नेमके. आरोग्य, कुटुंब, नोकरी अशी ठरलेली यादी आठवडाभरात तोंडपाठ होते आणि मग तोंडच आभार मानतं, मन नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच सकाळी त्याच रस्त्यावर दिसलेल्या तीन गोष्टी. बहरलेला अमलताश, सायकलवर पेपर टाकणारा मुलगा, काल दुखणारा आणि आज न दुखलेला गुडघा. तीन म्हणजे तीनच. तिसरी शोधायला जरा लक्ष द्यावं लागतं आणि तेच हवं असतं.

काही सकाळी आभार निघत नाहीत. घरात आजारपण असतं, रात्री झोप नसते. अशा दिवशी ओढूनताणून गोड बोलू नका, स्तोत्र १३ घ्या. ते ‘कुठवर’ या प्रश्नाने सुरू होतं, सहाच वचनांचं आहे आणि तक्रारीपासून गाण्यापर्यंत स्वतःच घेऊन जातं.

नागपुरात कुठे आणि कधी

नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्यामुळे इथे सूर्य जवळजवळ २५ मिनिटं आधी उगवतो: मेअखेर साडेपाचच्या सुमारास, जानेवारीत सात वाजायला थोडा वेळ असताना.

सवय नसलेल्यांनी सपाट रस्त्यापासून सुरुवात करावी. सिव्हिल लाइन्समधली वॉकर्स स्ट्रीट त्यासाठी चांगली: झाडं आहेत आणि सकाळी चालणाऱ्यांचीच वर्दळ असते. सेमिनरी हिल्सला चढ आहे. या टेकडीला नाव मिळालं ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. चढावर तोच वेग ठेवला की दम लगेच वाढतो, म्हणून महिनाभर सपाटीवर चालल्याशिवाय तिकडे जाऊ नका. गुडघे दुखणाऱ्यांना चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. फुटाळ्याचा काठ सकाळी छान, संध्याकाळी मात्र गर्दीत वेग धरता येत नाही. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. अंधारात पांढरा किंवा फिकट शर्ट. भजनं ऐकायची असतील तर एकाच कानात. कुत्री मागे लागली तर पळू नका, थांबा, नजर न भिडवता हळूहळू बाजूला व्हा.

एप्रिलपासून जूनमध्ये पाऊस येईपर्यंत सगळं चालणं सकाळी साडेसहाच्या आत संपलं पाहिजे. नवतपात (मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत) तर पहाटेही हवा गार नसते, तेव्हा मधली २५ मिनिटं १५ वर आणा. निघण्याआधी एक ग्लास पाणी, बरोबर अर्ध्या लिटरची बाटली, डोक्याला दुपट्टा. घरी आल्यावर मिठाची चिमूट घातलेलं ताक किंवा पन्हं (पथ्य असेल तर मीठ-साखर डॉक्टरांना विचारून). खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही. गरगरणं, मळमळ, पायात गोळे ही सुरुवात. बोलणं असंबद्ध झालं आणि अंग तापलं तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, नवा नेम धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लेंटचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला येतो, तेव्हा सात वाजताही हवा गार असते. ईस्टरपर्यंत तीच वेळ तापायला लागते आणि नेम मोडतो. पहिल्या दिवसापासून साडेपाचची वेळ धरली तर पुढे बदलावी लागत नाही. उपवासाच्या दिवशी भरभर चालू नका, सावकाश १५ मिनिटं पुरे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघूच नये, आणि खिशात साखरेच्या पुड्या कायम असू द्याव्यात.

पावसाळ्यात शेवाळलेली फरशी आणि भरलेला नाला ही दोन संकटं. ज्यांचं नाव हिस्लॉप कॉलेजला आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. मिशनरी असून इथल्या दगडांचे आणि जीवाश्मांचे मोठे अभ्यासक, हा परिसर त्यांना पाठ होता. तरी सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. पाण्याखालचा रस्ता ओळखीचा असला तरी त्यात पाय घालू नका. वीज कडाडत असेल तर त्या दिवशी घरातच फेऱ्या मारा. डास असतात, म्हणून पूर्ण पायघोळ पँट.

थंडीत कचरा आणि पाला जाळल्याचा धूर सकाळी खाली बसतो. दमेकऱ्यांनी ऊन आल्यावर, आठनंतर निघावं.

पाय आणि बूट

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रविवारचे कडक काळे बूट आणि सपाट चपला चालायच्या नाहीत. तळ साधारण ८०० किलोमीटरनंतर बसतो, म्हणजे या नेमाने साधारण वर्षभरात. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ आली तर बहुधा बूट मेलेत किंवा चालणं एकदम वाढलंय: आठवडाभर निम्मं चाला, पोटऱ्या ताणा. मधुमेहींनी घरी आल्यावर तळवे रोज तपासावेत. नवस म्हणून त्यांनी अनवाणी चालू नये.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं यापैकी काहीही झालं तर तिथेच बसा आणि मदत मागा. प्रार्थना पूर्ण करून मग, असं करायचं नाही.

फेरीनंतर तर्री पोह्यांच्या गाडीवर थांबायचा मोह नागपूरकराला होणारच. पण २५ मिनिटांत जळलेलं वरच्या शेवेसकट एका प्लेटमध्ये सहज परत येतं, वजन उतरवायचं असेल तर आठवड्यातून एकदाच. देवळाला (चर्चला) चालत जायचं असेल तर दोन किलोमीटरला २५ मिनिटं धरा, उपासनेआधी दहा मिनिटं पोचा आणि चांगल्या चपला पिशवीत न्या.

नेम तुटला तर भरपाई म्हणून दुप्पट चालू नका. दोन-तीन दिवस गेले तर होतं तिथून पुढे. आठवडा गेला तर मधली ५ मिनिटं कमी करून. ताप येऊन गेला असेल तर ताप पूर्ण उतरून अंगात जोर आल्यावर, सावकाश १० मिनिटांपासून. त्या पहिल्या दिवशी स्तोत्र ११७ घ्या, त्याला दोनच वचनं आहेत.